न मोजलेले कांदे

अजूनही त्या पोस्टरची आठवण आली की माझं डोकं फिरतं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. नाशिकमधल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी मला संशोधनाला घेतलं, तेव्हा मी हवेतच होते. काम साधं होतं. दोन क्रेट कांदे, चांदवडच्या आमच्याच शेतावरल्या कांदे साठवायच्या चाळीतून आणलेले. एका क्रेटवर कडुनिंबाचा अर्क फवारलेला, दुसरा तसाच. दर सोमवारी दोन्हींतले सडलेले कांदे मोजायचे, वहीत लिहायचे आणि परत तिथेच ठेवायचे. असे आठ आठवडे.

परत ठेवायचे म्हटलं की माझ्या जिवावर यायचं. आमच्या घरात चाळीजवळ कुणी नुसतं उभं राहत नाही. फोनवर बोलता बोलता, चहाची वाट बघता बघता हात आत जातो, मऊ लागलेला कांदा बाहेर फेकतो. ठेवला तर शेजारचेही जातात, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पाचव्या आठवड्यात तेच झालं. न फवारलेल्या क्रेटशेजारी स्टुलावर बसून मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तेव्हा क्रेट स्वच्छ झाला होता आणि सफाईच्या मावशी कचऱ्याची बादली रिकामी करून आल्या होत्या. किती कांदे फेकले, मला ठाऊक नव्हतं. स्वतःच्याच हाताला चावावंसं वाटलं.

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, झापतील, प्रयोग पुन्हा लावायला सांगतील. सर हसले.

"अगं, त्यात काय एवढं? अंदाजाने भर. किती सडणार ते आपल्याला माहीतच आहे."

माहीतच आहे, तर दर सोमवारी नाक दाबून मी काय मोजत होते? ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. त्याचा राग आजही माझा माझ्यावरच आहे. वहीत मात्र लिहिलं: 'पाचवा आठवडा. खराब कांदे माझ्याकडून फेकले गेले, मोजले नाहीत. पुढचे आकडे धरू नयेत.' सरांनी ते पान माझ्यासमोर फाडलं. पुढचे सगळे आकडे त्यांनीच भरले.

कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लागलं. आठ आठवड्यांचे आठ ठिपके, आणि न फवारलेल्या कांद्यांची रेघ पट्टीने ओढल्यासारखी वर गेलेली. सरांच्या नावाखाली माझं नाव. ते बघायला वडील शेतातली कामं टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आधी माझ्या नावावर बोट ठेवून खूश झाले. मग बोट रेघेवर आलं आणि थांबलं.

"हे आपलेच कांदे ना?"

"हो."

"असा रांगेत कांदा सडत नाय गं. कुनी मोजला हा?"

शरमेनं आणि संतापानं माझी कानशिलं तापली. सर चार पावलांवर पाहुण्यांना तीच रेघ समजावून सांगत होते. मी वडिलांच्या खिशातलं पेन काढलं. पाचव्या ठिपक्यापासून शेवटापर्यंत काट मारली, शेजारी 'हे मोजलेले नाहीत' असं लिहिलं आणि खाली सही केली.

सर धावत आले. "हे काय केलंस तू?"

"अंदाज खोडला, सर," मी म्हणाले.