बादलीखालचा दिवा

आमच्या धक्क्यावर माझ्या काकांना सगळे 'बादली' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण बादल्या सगळ्यांच्याच होड्यांत होत्या.

रीतच तशी होती. निघताना काठीवरचा दिवा लावायचा आणि मासळीच्या जागी पोचलं की त्यावर बादली पालथी घालायची, म्हणजे आपली जागा दुसऱ्याला कळत नाही. बाबा आणि काका सख्खे भाऊ, एका ताटात जेवणारे. पण मासळीच्या बाबतीत एकमेकांना ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

एका अमावास्येला दोघांनी एकच जागा गाठली, दोघांनीही दिवे झाकले. काकांनी इंजिन सुरू केलं आणि त्यांची होडी थेट बाबांच्या होडीवर चढली. काकांनी पाण्यात उडी मारली, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. बाबा सकाळी सापडले.

आई काकांना वाकडा शब्द बोलली नाही, पण रडलीही नाही. मला तिच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटायची.

काकांनी पुन्हा कधी दिवा झाकला नाही. उजेड बघून बाकीच्या होड्या मागे लागायच्या, जाळी टाकायच्या आणि वर स्वतःचे दिवे झाकायच्या. निर्लज्ज मेले! काकांच्या वाट्याला उरलंसुरलं. काकू करवादायची, "दानधर्म चाललाय का?"

"मी दिसतोय ना लोकांना? मग झालं," काका म्हणायचे.

यंदा माझ्या भावाने बाबांची होडी दुरुस्त करून घेतली. पहिल्यांदा निघाला त्या संध्याकाळी मी आणि काका धक्क्यावर गेलो. आई आली नाही. होडीत दोरखंडाआड प्लास्टिकची बादली होती.

"ही कशाला?" काकांनी विचारलं.

"पाणी उपसायला." भावाने मान वर केली नाही.

काकांनी सुरी काढली, बादली उभी चिरली आणि एक अर्धुक त्याच्या हातात दिलं. "उपसायला हे जास्त बरं पडतं."

भाऊ भडकला. "म्हणजे तुम्ही माझ्या मागे येणार, जागा बघणार!"

"येणारच. तुझा दिवा दिसेल इतक्या अंतरावर राहीन." काकांनी सुरी कमरेला खोचली. "तुझा बाप मला दिसला नव्हता रे."

भावाने अर्धुक ठेवून घेतलं.

त्याच्या मागोमाग काकांनीही आपली होडी काढली. काळोख पडल्यावर मी घरी आले, तर आई दारातच उभी.

"किती दिवे दिसतात?"

"दोन."

ती उंबऱ्यावर बसली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.