एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन संच

“कुछ सुनाई नहीं दे रहा,” नदीपलीकडच्या रामनगरहून मिश्राजी फोनवर म्हणाले. गोविंदकाकांनी मोर्स-कीवरचा हात काढला आणि पाटीवर लिहिलं, ‘राहू दे.’

काका तारमास्तर होते. मिश्राजी त्यांचे तारघरातले सोबती. दोघांकडेही हौशी रेडिओचं लायसन्स. घशाच्या ऑपरेशनमध्ये काकांचा आवाज गेला आणि मित्राशी गप्पा थांबल्या. मोबाइलवर टाइप करा म्हटलं की ते मान फिरवत. शेवटी काकूंनी मला गाठलं. “सुधा, तू रेल्वेत टेलिकॉमला होतीस ना? यांच्यासाठी काही तरी कर. घरात दिवसभर नुसती चुप्पी असते.”

मी दोन ट्रान्सीव्हर बनवले. म्हणजे तारेचे मोर्स संकेत पाठवणं आणि ऐकणं एकाच डबीत. दोन ट्रान्झिस्टर, एक आयसी, एक बॅटरी. ताकद जेमतेम टॉर्चच्या बल्बाएवढी. फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल दोन्हींत अगदी सारखे घातले. चाचणीपुरता सिग्नल देणारा जनरेटर लावून एकेक संच टेबलावर तपासला. दोन्ही ठणठणीत. एक मिश्राजींकडे पाठवला.

आता मात्र अमृतराव घाटाजवळच्या काकांच्या गच्चीत आम्ही अडकलो होतो. अँटेना पाहिली, बॅटरी बदलली. फरक नाही. काका उठून जिन्याकडे निघाले.

मी फोन पुन्हा कानाला लावला. “मिश्राजी, बिलकुल सन्नाटा है?”

“बस हल्की-सी खट-खट है. हमने सोचा, कोई तार ढीला होगा.”

“काका, थांबा. की तीनदा दाबा.”

काका नाइलाजाने परतले. त्यांनी की दाबली.

“तीन बार खट हुआ,” मिश्राजी म्हणाले.

म्हणजे सिग्नल पोचत होता. या संचात येणारी फ्रिक्वेन्सी आणि स्वतःची फ्रिक्वेन्सी यांतला फरक शिट्टी होऊन ऐकू येतो. इथे फरकच नव्हता, मग शिट्टी कुठली? टेबलावरच्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली होती, म्हणून तिथे वाजली.

काकांच्या क्रिस्टलला मी एक छोटा ट्रिमर जोडला. ट्रिमर म्हणजे स्क्रूने फिरवता येणारा कपॅसिटर. त्याने काकांची फ्रिक्वेन्सी थोडी हलली. काकांनी मिश्राजींना हाक दिली. मग हेडफोनमधून बारीक, स्वच्छ शिट्टी आली. काकांनी डोळे मिटले आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.

“काय म्हणतायत?” काकूंनी विचारलं. काकांनी हातानेच थांब म्हटलं. बऱ्याच वेळाने त्यांनी पाटी ओढली. ‘म्हणतो, कीवर माझा हात जड झालाय. स्वतःचा बघ म्हणावं.’

काकूंनी ते दोनदा वाचलं. “चहा ठेवते,” म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत खाली गेल्या.

हल्ली जोडीने संच बनवते तेव्हा क्रिस्टलांत मुद्दाम थोडा फरक ठेवते. आणि एकेकटा तपासून पास करत नाही. आधी दोघांना एकमेकांशी बोलायला लावते.