बघायला येणारे लोक
मिसळीचा वास आला की मला तो दवाखाना आठवतो, कारण खाली मिसळीचं दुकान होतं आणि वर माझ्या ऑपरेशनची चर्चा. जठराचं रबरी मॉडेल हातात धरून डॉक्टर समजावत होते, की वजन उतरवायला स्लीव्हमध्ये जठर कापून लहान करतात, बायपासमध्ये आतड्याची वाटही बदलतात. आत्याने लगेच विचारलं, “लवकर काय उरकेल? पोरीला बघायला लोक येतात हो.” “स्लीव्हच करा,” आई म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही. नेहमी गप्प बसणारी मी म्हणाले, “डॉक्टर, मला रोज छातीत जळजळतं.” डॉक्टरांनी मॉडेल खाली ठेवलं. “स्लीव्हने ते वाढू शकतं. तुला बायपास बरा.” “मग बायपासच. आणि आत्या, येणाऱ्यांना ऑपरेशनचं मी स्वतः सांगेन.” काल पाहुण्यांनी विचारलं, “एवढंसंच खातेस?” आत्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. मी ऑपरेशनचं नाव सांगितलं.