अकराव्या मजल्यावरच्या चौबळकाकू

चौबळकाकू रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचायच्या, एक हिंदी आणि एक इंग्रजी, आणि दोन्ही बाल्कनीत उभ्याने वाचायच्या. "बसून वाचलं की बातमीवर लगेच विश्वास बसतो," असं त्यांचं म्हणणं होतं. मग कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चार ओळी लिहायच्या, त्यातल्या दोन खोडायच्या आणि उरलेल्या दोन उजव्या हाताच्या एका बोटाने मोबाईलवर टाइप करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या. दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरममधल्या आमच्या त्या तीन टॉवरांत पंजाबी, बंगाली, बिहारी, मल्याळी असे सगळे होते. त्यामुळे ओळी हिंदीत असायच्या. खाली ऑफिसच्या गाडीची वाट बघणारी माणसं, शाळेच्या बसपाशी उभ्या असलेल्या आया, सगळे तेवढ्यात फोन काढून बघायचे. आज चौबल आंटी काय म्हणतात.

त्या फार मोठं काही म्हणायच्या असं नाही. नोव्हेंबरात धुराने शहर गिळलं आणि ग्रुपवर मास्क, हवा शुद्ध करणारी यंत्रं यांची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "आज हवा खराब है, सब घर में रहें. अख़बारवाले, दूधवाले और झाड़ूवाली की हवा शायद अलग है." एकदा लिफ्टबद्दल लिहिलं, की आपण पाच जण रोज एकत्र आकाशात जातो आणि एकमेकांऐवजी आकड्यांकडे बघतो. ग्रुपवर कुणाचं राजकारणावरून भांडण पेटलं की त्या फक्त दोन शब्द टाकायच्या, "होल्ड कीजिए." बहुतेक वेळा माणसं खरंच थांबायची.

हे दोन शब्द त्यांच्या नोकरीतले होते. वाईहून लग्न होऊन दिल्लीत आल्यावर त्या एका मंत्रालयाच्या टेलिफोन बोर्डावर लागल्या आणि तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्या. चौबळकाका दुसऱ्या खात्यात होते. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी काकांनी या फ्लॅटचं बुकिंग केलं, तेव्हा इथे नुसतं मोहरीचं शेत होतं. तो प्रसंग काकू फार रंगवून सांगायच्या. बिल्डरचा माणूस त्यांना पिवळ्या शेतात घेऊन गेला, बांधावर उभं केलं आणि वर रिकाम्या आभाळात बोट दाखवून म्हणाला, "आंटीजी, आप वहाँ रहेंगी." काकूंनी वर बघितलं. तिथे एक घार फिरत होती. "मी ह्यांना म्हटलं, अहो, तिला विचारलंय का कुणी?"

माझी त्यांची ओळख झाली ती दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कॅन्टीनमध्ये. मी वाशीम जिल्ह्यातली. स्पर्धा परीक्षेसाठी मुनिरकात एका खोलीत सहा वर्षं काढली होती. शेवटचा निकालही हातातून गेला होता. त्या रविवारी मी एकटीच साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन बसले होते आणि फोनवर पास झालेल्या मैत्रिणींचे हारतुऱ्यातले फोटो बघत होते. समोरच्या खुर्चीवर एक पांढऱ्या केसांच्या, जाड भिंगाच्या बाई येऊन बसल्या.

"खिचडी गार होतेय तुझी," त्या म्हणाल्या. "तो फोन पालथा ठेव. दुसऱ्याच्या घरातली वाफ आहे ती. आपलं पोट नाही भरत तिने."

मी फोन पालथा ठेवला. मला रडू आलं. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दाण्याच्या कुटावर बोलत राहिल्या. महिन्याभरात मला नोएडात एका कंपनीत नोकरी लागली आणि मी त्यांच्या घरी राहायला गेले. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात होती. "मला सोबत नको," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "फक्त संध्याकाळी कुणीतरी बेल वाजवणारं हवं. बेल नसलेलं घर बिल्कुल फोनच्या डेड लाइनसारखं वाटतं."

अकराव्या मजल्यावरून थंडीत खालचं जग दिसायचंच नाही. धुकं सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत चढून यायचं आणि वरचे मजले पाण्यावर ठेवल्यासारखे तरंगायचे. शेजारचा अर्धवट टॉवर, त्याची क्रेन, पाण्याच्या टाक्या, एवढंच काय ते उरायचं. हायवेचा आवाज लांबच्या नदीसारखा यायचा. अशा सकाळी काकू शाल गुंडाळून कितीतरी वेळ उभ्या असायच्या आणि मी चहा घेऊन गेले की हलकेच म्हणायच्या, "बघ, अजून काहीच घडलेलं नाहीये आज."

अशाच एका जानेवारीतल्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते. गेटवरच्या केबिनमध्ये गार्ड हरिप्रसाद खुर्चीवर झोपला होता. कानटोपी, गळ्यात मफलर, मांडीवर उघडी वही, तोंड किंचित उघडं. केबिनच्या खिडकीतून धुकं आत येऊन त्याच्या गुडघ्यांवर बसलं होतं. मला ते दृश्य गमतीचं वाटलं, खरं सांगायचं तर सुंदरही वाटलं. मी फोटो काढला आणि काकूंना पाठवला. खाली लिहिलं, "काकू, आजचा विषय."

काकूंनी तो फोटो ग्रुपवर टाकला आणि ओळ लिहिली, "पहरेदार सपने में है, और हम उसके सपने में सुरक्षित हैं."

त्यांच्या इतक्या वर्षांच्या ओळींत एवढी कुणाला आवडली नव्हती. दुपारपर्यंत ती शेजारच्या सोसायट्यांत पोचली. कुणीतरी ती शहराच्या बातम्या टाकणाऱ्या इंटरनेटवरच्या एका पानावर चढवली. तिथे काकूंची ओळ गळून गेली आणि फोटोखाली लोकांनी आपापलं लिहिलं. फुकट पगार खाणारे. यांच्या भरवशावर मुलं सोडतो आपण. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा काकू खुशीत होत्या. "सुनीते, तुझ्या फोटोने कमाल केली," म्हणाल्या. आम्ही दोघींनी चहाबरोबर ते सगळं वाचलं आणि हसलो. मी हे लपवणार नाही. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी गेटवर वेगळाच माणूस होता. तिसऱ्या दिवशी जिना झाडणाऱ्या कमलाने सांगितलं की हरिप्रसादला सिक्युरिटी एजन्सीने काढून टाकलं. "आंटीजी, उसका जोड़ीदार दो दिन से आया ही नहीं था," ती आमच्या दारात केरसुणीवर हात टेकून म्हणाली. "डेढ़ दिन से वही खड़ा था बेचारा. घर नहीं गया. फोटो खिंची, उसके दस मिनट पहले बैठा होगा."

काकूंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तीस वर्षं नंबर कन्फर्म केल्याशिवाय एक कॉल जोडला नाही मी. आणि हा जोडला."

"काकू, फोटो मी काढला होता."

"हो. आणि जोडला मी." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते ऐकवेना.

रविवारी आम्ही कमलाकडून पत्ता घेऊन हायवेपलीकडच्या खोडा वस्तीत गेलो. आमच्या बाल्कनीतून ती वस्ती रोज दिसायची, एक धुरकट करडा पट्टा म्हणून. आत गल्ल्या इतक्या चिंचोळ्या होत्या की काकूंना माझा हात धरून एकेक पाऊल टाकावं लागत होतं. हरिप्रसाद दाराशी बसून चप्पल शिवत होता. आम्हाला बघून तो सवयीने उठून उभा राहिला, जणू गेट उघडायचं होतं. त्याच्या बायकोने खाटेवरची गोधडी सरकवून काकूंना बसवलं.

काकूंनी प्रस्तावना केली नाही. "भैया, वो बात मैंने लिखी थी," त्या म्हणाल्या. "बिना पूछे लिखी. मैं माफ़ी माँगने आई हूँ."

तो खाली बघत राहिला. "लिखा क्या था, वो तो मैंने पढ़ा नहीं, अम्मा. फोटो गाँव पहुँच गई. किसी ने पिताजी को दिखा दी. उनका फोन आया. बोले, तू वहाँ सोने गया है? फिर फोन रख दिया. तब से उठाते नहीं."

मी म्हटलं, "फोटो मैंने खींची थी."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रोज सकाळी मला सलाम करणारा माणूस. त्याच्या नजरेत चीड शोधत होते मी, ती असती तर बरं झालं असतं.

"जगा देतीं, दीदी," तो म्हणाला. "बस जगा देतीं."



काकूंनी त्याच्याकडे वडिलांचा नंबर मागितला. मोबाईल डोळ्यांजवळ धरून एकेक आकडा मोठ्याने म्हणत लावला, पुन्हा एकदा तपासला आणि मग हिरवं बटण दाबलं. त्यांचा आवाज एकदम बदलला. स्वच्छ, बेताचा, कुणाच्याही दारात उभा राहू शकेल असा. तो त्यांचा बोर्डावरचा आवाज असणार, मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"नमस्ते. मैं दिल्ली से बोल रही हूँ, हरिप्रसाद जहाँ पहरा देते थे उसी बिल्डिंग से. आपका बेटा दो रात नहीं सोया था. हमारे लिए जागा था. फोटो में वो नहीं दिखता. ग़लती हमारी है, उसकी नहीं." पलीकडून एक म्हातारा आवाज काहीतरी म्हणाला. "हाँ जी, यहीं है. होल्ड कीजिए, बात कराती हूँ."

फोन हरिप्रसादच्या हातात देऊन त्या ताडकन उठल्या आणि मला बाहेर घेऊन आल्या. आम्ही गल्लीत नालीच्या कडेला उभ्या राहिलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. काकू मला घेऊन आणखी दहा पावलं पुढे गेल्या. "जोडलं की कान काढून घ्यायचा," त्या म्हणाल्या. "नियम आहे तो."

त्या संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी जन्मात पहिल्यांदा दोनपेक्षा जास्त ओळी लिहिल्या. काय झालं, कुणी फोटो दिला, कुणी लिहिलं, कोण किती जागलं, सगळं. माझं नाव घालू का, असं मला आधी विचारलं. मी हो म्हटलं. नेहमी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडायचा तिथे त्या दिवशी शुकशुकाट होता. सेक्रेटरी घरी आले. "आंटीजी, इसमें सोसाइटी की बदनामी है, डिलीट कर दीजिए."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "वो फोटो भी हर जगह से डिलीट करवा दीजिए, फिर मैं भी कर दूँगी. चाय लेंगे?"

सेक्रेटरींनी चहा घेतला नाही. काही लोक लिफ्टमध्ये काकूंशी बोलेनासे झाले. हरिप्रसादला एजन्सीने परत घेतलं नाही. दोनेक महिन्यांनी त्याला जवळच्याच वैशालीत एका रोपवाटिकेत काम मिळालं. तिथे झोप लागली तरी झाडं तक्रार करत नाहीत, असं तो कमलाला म्हणाल्याचं कळलं. आमच्या सोसायटीत मात्र दोन मीटिंगांच्या वादावादीनंतर एक नियम झाला, की जोडीदार आला नाही तर गार्डला बारा तासांवर उभं ठेवायचं नाही. केबिनमध्ये एक हीटर आला. ठराव काकूंनीच मांडला होता, पण ग्रुपवर त्याबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

त्या लिहीत राहिल्या, पण रोज नाही. कुणाबद्दल लिहायचं असलं की आधी त्याला जाऊन भेटायच्या. पार्किंगमध्ये वाकडी गाडी लावणाऱ्या गृहस्थांकडे गेल्या तर त्यांच्या बायकोची केमोथेरपी चालू असल्याचं कळलं. मग त्या दिवशी ओळच नाही. या चौकशांमुळे त्यांचं लिखाण ग्रुपवर यायचं तोवर बातमी सगळ्यांच्या डोक्यातून गेलेली असायची. मी तसं म्हटलं, तर म्हणायच्या, "असू दे. शिळी बातमीच अंगी लागते."

पुढच्या वर्षी त्यांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. फ्लॅट सांभाळायला मी मागे राहिले. निघताना त्यांनी साधा फोन मागून घेतला, आता लिहायचं नाही म्हणाल्या, डोळे दुखतात. पण रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचा मला फोन यायचा. "सांग, काय दिसतंय?" मी बाल्कनीत उभी राहून सांगायचे आणि त्या पलीकडे शांतपणे ऐकायच्या. मधूनच नुसतं "हं" यायचं.

शेवटच्या दिवशी खूप धुकं होतं. आवाज खोल गेला होता त्यांचा. मी सांगत गेले: क्रेनचं टोक दिसतंय, टाकीवर दोन घारी आहेत, समोरच्या टॉवरच्या गच्चीवर तो माणूस आलाय, रोज येतो, लाल रजई दोरीवर टाकतो आणि ऊन नसतानाही तिच्याजवळ उभा राहतो.

"एकटाच?"

"हो."

"नाव काय त्याचं?"

"माहीत नाही, काकू. दोन वर्षं बघतेय नुसती."

"विचारून ये ना," त्या म्हणाल्या. "उद्या सांग मला."

संध्याकाळी मी सी टॉवरला गेले, गच्चीखालच्या मजल्यावर दोन चुकीच्या बेल वाजवल्या, तिसरं दार त्याने उघडलं. यशपाल मेहंदीरत्ता. रेल्वेतून निवृत्त झालेले. रजई त्यांच्या आईची. त्यांनी मला आत बोलावलं, घरात दोन कप होते ते दोन्ही बाहेर काढले.

सकाळी चहाच्या वेळी फोन आला नाही म्हणून मीच लावला. काकूंच्या मुलीने उचलला. पहाटे झोपेतच गेल्या, ती म्हणाली. मग मी तिला त्या माणसाचं नाव सांगितलं, रेल्वेचं सांगितलं, रजईचं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.