सुटला की सोडला

टीव्हीवर रायसाहेब आले की शेवंतामाय चटकन डोक्यावर पदर घ्यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दारात कोणी आलंय. वळून पाहिलं तर कोणी नाही. "माय, पदर कोणासाठी?" असं विचारलं, तर पडद्याकडे बोट दाखवून ती कुजबुजली, "भासरे होय ना बाप्पा माहे!" भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि रायसाहेब म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या एका हिंदी मालिकेतले गुप्तहेर. हे नातं तिने कधी आणि कसं जोडलं, ते खुद्द रायसाहेबांनाही शोधून काढता आलं नसतं.

माझं घर सौंसरचं. पांढुर्ण्याच्या तहसील कार्यालयात नोकरी लागली आणि मी तिच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. ती तेव्हा साठी ओलांडलेली. उभा जन्म संत्रा मंडीत फळं निवडण्यात आणि पेट्या भरण्यात गेलेला. नागपूरच्या मुलाने भलामोठा टीव्ही घेऊन दिला होता, त्यामुळे गुरुवारी साडेसातला निम्मी गल्ली तिच्या घरात. एकुलत्या एक खुर्चीवर नत्थूजी बसायचे. हे मंडीतले जुने मुकादम, वयाने सगळ्यांत मोठे आणि मालिका चालू असताना सगळ्यांत जास्त घोरणारे.

रायसाहेबांना मान होता, पण जीव होता तो गिरधारीवर. गिरधारी हा त्यांचा मदतनीस. आधी टांगा हाकायचा. धांदरट, भोळा, सदा भुकेला. "जेवला नाई वाटते आज. तोंड पाह्य कसं उतरलं," असं म्हणून ती रायसाहेबांवरही नाराज व्हायची. दाराआड चोर लपला असला की हिचा आवाज अख्ख्या गल्लीत, "अबे, मांगं पाह्य, मांगं!" एकदा तो धुक्यात भिजून शिंकायला लागला, तर ही उठून काढा करून घेऊन आली. मी हसले. पातेल्याकडे पाहून तीही हसली. "आता त्याले कसा पाजू?" म्हणाली आणि उभ्याउभ्या स्वतःच पिऊन टाकला.

आता बदली होऊन मी सौंसरला परत आले आहे. तरी दर गुरुवारी मालिका संपली की तिचा फोन येतो. "पाह्यलं? का भाकरीच थापून राहिली होती?" नाही पाहिलं म्हणण्याची माझी हिंमत होत नाही.

पण सांगायची आहे ती पांढुर्ण्यातलीच गोष्ट. एका भागात जमीनदारीणबाईंचा हार चोरीला गेला आणि आळ आला गिरधारीवर. बागेचा कारभारी कोर्टात शपथेवर म्हणाला, आषाढातल्या धो धो पावसात मी झाडावरची पिकली संत्री तोडत होतो, तेव्हा गिरधारीला हार घेऊन पळताना पाहिलं. पडद्यावर विजा कडाडल्या, पिवळ्याधमक संत्र्यांनी लगडलेली झाडं दिसली आणि शेवंतामाय ताडकन उभी राहिली.

"झूट! आषाढात पिकला संत्रा कुठचा? झाडावर हिरव्या गोट्या राहते तवा. नत्थूजी, सांगा!"

नत्थूजी दचकून जागे झाले. "आंबिया बहर तं दिवाळीच्या वक्ती येते, अन् मृग बहर होळीच्या. आषाढात कुठचा?"

"माय, मुंबईच्या लोकांना काय कळतं?" मी म्हटलं. "खोटी संत्री बांधली असतील झाडाला."

"खोटी बांधली? मंग तं पक्का झूट!"

रायसाहेबांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्यांना कळवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून हिंदीत पत्र लिहून घेतलं: कारभाऱ्याला पुन्हा पिंजऱ्यात उभा करा आणि एकच विचारा, संत्रा कोणत्या बहराचा? आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही. हसण्यावारी नेणारी मी, पण मलाही पुढचा गुरुवार लवकर यावासा वाटू लागला.

गुरुवारी कोर्टाने गिरधारीला सोडलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून. संत्र्याचं नावही कोणी काढलं नाही. गल्लीने टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टीही मारली. शेवंतामाय मात्र बसून राहिली.

"सुटला ना गं माय!" मी म्हटलं.

"सुटला नाई, सोडला." ती म्हणाली. "सुटला अन् सोडला याच्यात लय फरक हाय, पोरी. याइच्या बाबालेही सोडलंच होतं."

टीव्ही तिने स्वतः बंद केला आणि सांगू लागली. याइचे बाबा म्हणजे तिच्या मुलांचे बाबा, तिचा नवरा. तोही मंडीतच हमाली करायचा. एका सेठची मनगटी घडी हरवली, नाव याचं आलं. दोन दिवस ठाण्यात बसवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. त्यानंतर तो जिथे कामाला जाईल तिथे लोक आपल्या वस्तू उचलून आत ठेवायचे. तो गेला तोवर तेच.

"लिही पोरी, दुसरं पत्र लिही रायसाहेबाले. गिरधारी निर्दोष हाय." ती थांबली. नवऱ्याचं नाव जन्मात न घेतलेली ती बाई सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "अन् मारोतीनंही घडी चोरली नव्हती. हेही लिही."

मी कागद-पेन घेऊन दोन्ही वाक्यं लिहिली. मग नत्थूजी खुर्चीवरून उठले.

"वहिनी, घडी तं चौथ्या रोजी सेठच्याच गादीखाली सापडली होती. मीच पाह्यली. सेठ म्हणे, गप राह्य. मी राह्यलो."

"अन् आज सांगून राहिला?" शेवंतामायचा आवाज चढला. "थो जिता होता तवा तोंड शिवलं होतं?"

नत्थूजींनी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मारोतीच्या नावाखाली सही केली. शेवंतामाय कागदावर वाकली, त्या सहीवरून तिने बोट फिरवलं. मग डोळे पुसले आणि एकाएकी खळखळून हसली. "लिही गं, साक्षीदार भेटला!" तिला तसं हसताना पाहून मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी मंडीत गेले आणि चहाच्या टपरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मला कसं कळलं? अकरा वाजता कार्यालयात पाऊल टाकलं, तर आमचे मोठे बाबू फाईल बाजूला सारून विचारत होते, "मॅडम, थो मारोती हमाल होता ना, त्यानं घडी चोरली नव्हती म्हणते. खरं काय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "नव्हती चोरली."