फुटाणा, लाही आणि ड्रेसरभाऊ

ड्रेसरभाऊंना जनावराचा रोग सांगायला जनावर जवळ लागत नसे. म्हैस दवाखान्याच्या फाटकातून आत वळत असतानाच ते ओट्यावरून सांगत, "पोट धरलंय तिचं," किंवा "मागचा उजवा खूर बघा." बहुतेक वेळा ते खरं निघे. गुरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांचं पद पट्टीबंधकाचं. जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, डॉक्टरांसाठी जनावर धरून ठेवायचं. पण डॉक्टरांकडे दोन गावांचा कारभार होता आणि ते आठवड्यातून दोनदाच यायचे. उरलेले दिवस ड्रेसरभाऊ हेच डॉक्टर. "कळत न्हाई" हे शब्द त्यांच्या तोंडून गावानं कधी ऐकले नव्हते, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता.

मी त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. गाव खोडदच्या अलीकडचं. शाळेच्या पटांगणातून तिथल्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसायच्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. यजमान नोकरीनिमित्त पुण्यात, रविवारी यायचे. आदल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली होती आणि दोन दिवसांनी गेली होती. गावाला ते ठाऊक होतं; पण सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनी तो विषय काढायचा नाही असं ठरवून टाकलं, आणि आम्हीही तो काढला नाही. माझं काय करावं हे यजमानांना सुचेना. एका रविवारी ते पुण्याहून पुठ्ठ्याच्या खोक्यात गिनिपिगांची जोडी घेऊन आले. तपकिरी नर आणि पांढरी मादी. मी त्यांची नावं फुटाणा आणि लाही ठेवली. कोथिंबिरीच्या जुडीचा आवाज झाला की दोघं शीळ घालावी तसं ओरडायची. त्या घरात माझी वाट बघणारं तेवढंच काही होतं.

श्रावणात भिंतींना ओल आली आणि फुटाण्याच्या नाकाजवळचे केस गेले. आधी वाटाण्याएवढं टक्कल, मग डोळ्यांभोवती, मग कानांवर. खाली गुलाबी कातडी आणि तिच्यावर कोंड्यासारखे पापुद्रे. तो सारखा खाजवायचा. आठवड्यात लाहीच्याही नाकावर तसंच दिसलं. मी खोकं घेऊन दवाखान्यात गेले. ओट्यावर बैलवाले बसले होते. बाईंनी उंदीर आणलेत म्हणून ते हसले. ड्रेसरभाऊ हसले नाहीत. त्यांनी फुटाण्याच्या कपाळावर बोट टेकवलं आणि नेहमीप्रमाणे एका क्षणात निकाल दिला, "खरूज हाय. करंजाचं तेल आन् गंधक. आठ दिसांत केस येतील बगा."

आठ दिवसांत केस आले नाहीत. तेल चाटून दोघांचं खाणं कमी झालं, आणि खाजवून खाजवून फुटाण्याच्या मानेवर जखम झाली. तिच्यात पू धरला. मी पुन्हा गेले. तो डॉक्टरांचा दिवस नव्हता. ड्रेसरभाऊ म्हणाले, जखम चिघळली की पेनिसिलीन, म्हशीला असो की शेळीला. त्यांनी अगदी थोडंसं औषध सुईत ओढलं आणि हलक्या हातानं टोचलं. फुटाणा एकदाच ओरडला. तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले, चौथ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर तो आडवा पडला होता आणि लाही त्याच्या पाठीला टेकून बसली होती. गावात गणपती बसले होते, बाहेर ताशा वाजत होता. मी त्याला शाळेच्या कुंपणाशी पुरलं.

मला रडताना घरमालकीण काकूंनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "उंदरासाठी कुनी रडतं का, बाई?" त्यांचंही चूक नव्हतं. कशासाठी रडते आहे हे मला तरी कुठं सांगता येत होतं?

त्यानंतर चार-पाच दिवस ड्रेसरभाऊ गावात दिसले नाहीत. सहाव्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात लसीकरणाच्या छापील तक्त्याचा कागद, त्याच्या मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. रजा टाकून ते पुण्याला गेले होते. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनाही खात्री नव्हती. प्रयोगशाळांत ही जनावरं पाळतात, तिथं सांभाळणाऱ्याला विचारा, असं ते म्हणाले. दोन दिवस फिरून ड्रेसरभाऊंनी असा एक माणूस शोधला होता.

"बाई," ते म्हणाले, "फुटाणा रोगानं न्हाई गेला. माझ्या सुईनं गेला. ह्या जनावराला पेनिसिलीन म्हंजे इख. मला ठावं नव्हतं, आन् मी इचारलं बी न्हाई."

मला भयंकर संताप आला. ते कबूल करत होते म्हणून तर जास्तच आला. नशीब म्हणून मी ते पचवायला निघाले होते, आणि आता दोष द्यायला समोर हात-पाय असलेलं माणूस मिळालं होतं. मी त्यांना निघून जायला सांगितलं.

"जातो," ते म्हणाले. "पन लाहीला तेल लावू नका. खरूज न्हवं, नायटा हाय तो, बुरशीचा. गोळ्या हायेत त्याला, पन त्या देता यायच्या न्हाईत. ती बहुतेक गाभण हाय."

कागद उंबऱ्यावर ठेवून ते गेले. मी दार लावून घेतलं आणि लाहीला हातात घेऊन बसले. पोटाखाली बोटं घातली तर आत काहीतरी हललं.

पुढच्या आठवड्यात सगळंच अंगावर आलं. माझ्या डाव्या हातावर गोल लाल चट्टा उठला. मग लाहीला बघायला घरी येणाऱ्या शाळेतल्या दोन मुलींच्या मानेवर तसेच उठले. पालक शाळेत आले. मुख्याध्यापकांनी मला शांतपणे सांगितलं की ते जनावर घराबाहेर काढा, नाहीतर रजेवर जा. काकू म्हणाल्या, ते जनावर ठेवायचं तर खोली सोडा. यजमानांना बूथवरून फोन केला, तर ते म्हणाले की तिला ओढ्याकाठी सोडून दे, आपण दुसरी आणू. मी फोन ठेवला. त्या वेळी मला कुणी दुसरं आणायची भाषा करू नये एवढंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोकं उचललं आणि जिला जायला दुसरी जागाच नव्हती तिला घेऊन, ज्या माणसाला हाकलून दिलं होतं त्याच्याच ओट्यावर जाऊन उभी राहिले. ड्रेसरभाऊंनी माझ्या हातातलं खोकं घेतलं. दवाखान्याच्या मागे रिकाम्या बाटल्या ठेवायची खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. ती त्यांनी चुन्यानं रंगवून ठेवली होती. मी येईन असं त्यांना वाटलं होतं की काय, कोण जाणे.

त्या खोलीत दीड महिना आमची रोजची सकाळ आणि संध्याकाळ गेली. म्हशींच्या तपासणीचे लांब हातमोजे मनगटाशी कापून ते मला एक जोड देत, स्वतः एक घालत. कोमट पाण्यात आयोडीनचं औषध घालून चट्टे भिजवायचे, पापुद्रे सुटले की कापसानं टिपायचे, अंग पूर्ण कोरडं करायचं, मग मलम. मलम माणसाच्या नायट्याचंच. मंचरच्या डॉक्टरांनी माझ्या हातासाठी लिहून दिलं होतं तेच, बोटाच्या टोकावर मावेल इतकं. ते चाटू नये म्हणून अर्धा तास तिला हातात धरून बसायचं. खालची गोणपाटं ते रोज उकळून उन्हात टाकायचे. हे जनावर माणसासारखंच, त्याच्या अंगात क जीवनसत्त्व बनत नाही, असं त्या पुण्याच्या माणसानं सांगितलं होतं. म्हणून ते कुणाच्या तरी बागेतून पेरू आणायचे, आवळा किसायचे, कोथिंबीर निवडायचे. म्हैस आली की बाहेर जायचे, हात धुऊन परत यायचे.

या काळात त्यांच्या बोलण्यात एक फरक पडला. कुणी जनावर आणलं की ते लांबून काही सांगेनासे झाले. जवळ जायचे, बघायचे, आणि कित्येकदा म्हणायचे, "मला ठावं न्हाई. डाक्टरांना इचारून सांगतो." लोकांना ते आवडलं नाही. ड्रेसरभाऊ म्हातारे झाले, त्यांचा हात गेला, असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. काही जण जनावरं नारायणगावला न्यायला लागले. त्यांच्या कानावर ते येत होतं. ते मलम लावत राहायचे.

चौथ्या आठवड्यात लाहीच्या पाठीवर नवे चट्टे आले. नाकावरचं बरं होत होतं आणि पाठ जात होती. पोट एवढं वाढलं होतं की तिला नीट चालता येत नव्हतं, आणि तशात ती खाजवायची. त्या संध्याकाळी मला पुढचा एक दिवसही दिसेना. मी हातमोजे काढून फेकले आणि त्यांना म्हणाले, "तुमच्याकडं ती सुई आहे ना, फुटाण्याला दिली ती? हिलाही द्या. सुटेल तरी."

त्यांचा हात थांबला. मान वर न करता त्यांनी राहिलेल्या दोन चट्ट्यांना मलम लावलं, लाहीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमी आज दमलाय. घरी जावा. उद्या या." मी घरी गेले. रात्रभर स्वतःची लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी पोचले तेव्हा लाहीला कळा सुरू झाल्या होत्या. ड्रेसरभाऊ जमिनीवर पालथे होऊन तिच्याकडे बघत होते. तासभर काहीच होईना. पहिलं पिल्लू अडलं होतं. ज्या माणसानं शेकडो वासरं ओढून काढली, त्यानं इथं करंगळीला तेल लावून ते हळूहळू बाहेर घेतलं. अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, सगळं काही झालेलं. फक्त श्वास नव्हता. त्यांनी ते चोळलं, नाकात फुंकर घातली, पुन्हा चोळलं. मग कापसावर ठेवलं.

लाहीचं अंग त्यांनी कापसानं पुसलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या लेकीचं नाव काय ठिवलं व्हतं?"

दोन दिवसांचं मूल, त्याचं बारसं कुठून होणार? वर्षभरात मला हे कुणीही विचारलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. मी म्हटलं, ठेवलं नव्हतं. आणि मग, मनात ठरवलेलं होतं ते नाव मी सांगितलं. स्वतःच्या आवाजात ते मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मान हलवली आणि ते नाव एकदा, नीट, उच्चारून पाहिलं. तेवढ्यात लाहीच्या अंगाला झटका आला आणि दुसरं पिल्लू घसरून बाहेर पडलं, ओलं, लहानसं, आणि शिंकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यजमान आले तेव्हा मी त्यांनाही ते नाव सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो.

पिल्लू मोठं होऊन वेगळं ठेवता आल्यावर लाहीला गोळ्या सुरू झाल्या आणि थंडी पडेपर्यंत तिच्या पाठीवर पांढरे केस उगवले. चट्टे गेल्यावरही ड्रेसरभाऊंनी दोन आठवडे मलम थांबू दिलं नाही. उन्हाळ्यात माझी बदली पुण्याकडे झाली, त्यांची भीमाशंकरच्या बाजूला. निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरले. सुईबद्दल मी जे बोलले होते त्याची माफी मागायची होती, ती तशीच राहिली.

आठ-नऊ वर्षांनी मंचरला एका लग्नात कळलं की ते गेले. पत्ता विचारत मी घोडेगावच्या पुढे त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या की तुम्हाला मी ओळखते. दवाखान्यात नवा कुणी लागला की ड्रेसरभाऊ त्याला घरी जेवायला बोलवायचे आणि तुमची गोष्ट सांगायचे. एका शाळेच्या बाईंच्या जोडीतलं एक जनावर मी न विचारता सुई देऊन मारलं, तुम्ही विचारत जा, असं. प्रत्येकाला. गोष्ट तिथंच संपायची.

मग त्यांनी भीत भीत विचारलं, "बाई, तुमचं दुसरं जनावर व्हतं म्हनं. ते बी गेलं व्हतं का?"

मी म्हटलं, "नाही हो. ते जगलं. पुढं चार वर्षं जगलं. त्यांनीच वाचवलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्ये कधी बोललेच न्हाई," त्या म्हणाल्या. मग मला आत नेऊन बसवलं, आणि मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.