टाकीतलं चार इंच जास्तीचं पाणी

दुष्काळात पाणी आटलं की माणूस घाबरतो. या टेलरचं सगळंच उलटं. टाकीत पाणी वाढलं आणि याच्या तोंडचं पाणी पळालं.

वस्तीपासून दूर त्याचं तीन एकर झुडपी रान होतं. शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून तो बायकोसह तिथे जायचा, रविवारी संध्याकाळी परतायचा. वाळकं गवत कापायचं, वणवा पसरू नये म्हणून कुंपणालगत पट्टा मोकळा करायचा, बादलीने झाडांना पाणी घालायचं. त्याआधी मात्र टाकीत काठी बुडवून ओल्या भागाला गळ्यातली टेप लावायची. जन्मभर लोकांच्या कमरा मोजलेला माणूस, नुसत्या डोळ्यांवर कसा विसंबणार?

गेल्या रविवारी बावीस इंच सोडलं होतं. आज सव्वीस भरलं. पाऊस तर वर्षभर नव्हता आणि टँकरही त्याने मागवला नव्हता.

"फुकट पाणी कोण ओततं गं?" तो म्हणाला. "रानावर डोळा आहे कुणाचा तरी. उद्या म्हणेल, झाडं मी जगवली."

"पाणी गेलं तरी चोर, आलं तरी चोर," बायको म्हणाली. "भाऊजींना हाकललंत, तेवढ्याने समाधान नाही झालं?"

दोन महिन्यांपूर्वी आठवड्याभरात नऊ इंच पाणी गायब झालं होतं. फाटकाची दुसरी किल्ली धाकट्या भावाकडे असायची. टेलरने त्याला चारचौघांत टेप दाखवली आणि विचारलं, "कुणाला विकलंस?" सात वर्षं आठवड्याच्या मधल्या वारी हेच रान राखणाऱ्या भावाने मुकाट्याने किल्ली काढून दिली. तेव्हापासून बोलणं बंद. टेलरला त्याची आठवण यायची, फार यायची. पण नऊ इंच म्हणजे नऊ इंच.

रविवारी दुपारीच त्याने निघाल्याचं सोंग केलं. स्कूटर वळणाआड उभी करून नवराबायको झुडपामागे दडून बसले. तासभर दोघांनी काटे टोचून घेतले, तेव्हा कुठे शेजारचा शेळीवाला दोन कॅन घेऊन तारेखालून आत शिरला आणि टाकीचं झाकण उघडून पाणी ओतू लागला.

"सापडलास!" टेलर काठी उगारून धावला.

शेळीवाल्याने कॅन खाली ठेवला. "दादा, माझी मोटर जळली होती. शेळ्या तहानेने उठेनाशा झाल्या. आठवडाभर तुमचंच पाणी नेलं. आता मोटर दुरुस्त झालीये, थोडं थोडं परत टाकतोय."

"कधी नेलंस?" टेलरने विचारलं.

"दोन महिने झाले."

"मग मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं, तर दिलं असतंत?"

टेलरने काठी खाली टाकली. आपण काय करून बसलो हे त्याला कळलं होतं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बायको म्हणाली आणि तिने फोन लावून त्याच्या हातात दिला.

भावाने तिसऱ्या खेपेला उचलला. टेलरने अडखळत सगळं सांगितलं. शेळीवाला, मोटर, नऊ इंच. "चुकलो रे मी," तो म्हणाला.

"पाणी कुठे गेलं ते कळल्यावर फोन केलास, दादा," भाऊ म्हणाला. "कळलंच नसतं, तर?"

फोन बंद झाला. टेलरने दुसरी किल्ली खिशात घातली, गळ्यातली टेप काढून टाकीवर ठेवली आणि स्कूटर भावाच्या घराकडे वळवली.